उमा चक्रवर्ती, पेशवाईतली घरं आणि आमच्या वहीतल्या काकू

टाकबोरू

मंडळी, हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं.

मागच्या दिवाळीत साताऱ्याकडचं जुनं घर आवरताना माळ्यावरून जमाखर्चाची एक वही निघाली. शके १८३२, म्हणजे १९१०-११ सालची. पणजोबांच्या हातची, अर्धी मोडी, अर्धी बाळबोध. तूप, घासलेट, भटजींची दक्षिणा, गुरांची पेंड, पोस्टाची तिकिटं असा सगळा रोजचा खर्च. त्यातच महिन्यातून दोनदा एक ओळ येते: 'न्हाव्यास, काकूंकरिता, आणे दोन'. पहिल्यांदा मी ती वाचून पुढे गेले. तिसऱ्यांदा आली तेव्हा हात थांबला. काकू म्हणजे पणजोबांच्या धाकट्या भावाची बायको. ऐन तारुण्यात विधवा झाली एवढंच घरात ऐकलेलं. तिचं केशवपन व्हायचं हेही माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि तुपाच्या ओळीखाली त्याचे दोन आणे मांडलेले बघणं वेगळं.

त्याच सुमाराला मी इतिहासकार उमा चक्रवर्तींचं 'रीरायटिंग हिस्ट्री: द लाइफ अँड टाइम्स ऑफ पंडिता रमाबाई' वाचत होते. १९९८ चं पुस्तक. नावावरून चरित्र वाटतं, म्हणून आपल्याकडे बरेच जण 'रमाबाईंवर वाचलंय खूप' म्हणून बाजूला ठेवतात. तसं करू नका. रमाबाई त्यात बऱ्याच उशिरा येतात. आधी येते पेशवाई, मग इंग्रजी अमलातलं पुणं, कायदे, कचेऱ्या, वर्तमानपत्रं, आणि हे सगळं उभं राहिल्यावर त्यात ही बाई पाऊल टाकते. १८८२ साली नवरा गेल्यावर कडेवर मुलगी घेऊन ती पुण्यात आली, तेव्हा ती कुठल्या जगात आली हे कळल्याशिवाय तिचं धाडस कळत नाही, असा लेखिकेचा आग्रह आहे आणि मला तो पूर्ण पटला.

चक्रवर्ती दिल्लीच्या मिरांडा हाउसमध्ये अनेक वर्षं इतिहास शिकवत होत्या. मूळ अभ्यास प्राचीन भारताचा, पहिलं पुस्तक बौद्ध धर्माच्या सामाजिक बाजूवर. तिथून त्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्राकडे वळल्या. बाहेरच्या माणसाने आपल्या घरात येऊन, आपल्याला रोज दिसत असूनही न दिसलेली वस्तू दाखवावी तसं हे पुस्तक वाचताना होतं.

पेशवाईबद्दलचं त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगते. आपण केशवपन, बालविवाह, सोवळंओवळं या गोष्टींना 'रूढी' म्हणतो. रूढी म्हटलं की ती आपोआप चालत आलेली, कुणीच न घातलेली वाटते. पण दप्तरातले कागद बघितले तर जातीचे आचार सांभाळणं हे सरकारचं काम होतं. कुठली जात काय करू शकते, कुणाला प्रायश्चित्त, कुणाला वाळीत टाकायचं, कुणाला परत पंक्तीला घ्यायचं, यावर हुजुरातून निवाडे होत. मुलीबद्दल पैसे घेऊन लग्न लावू नये अशी ताकीद ब्राह्मणांना सरकारातून जाई. 'बदकर्म' शाबीत झालेल्या बाईला कैद होई, कधी तिला बटीक, म्हणजे गुलाम, करून सरकारी कोठीत किंवा किल्ल्यावर कामाला लावत. म्हणजे घरातल्या बाईचं वागणं ही घरापुरती गोष्ट नव्हती. त्यामागे सासरा होता, सासऱ्यामागे जात होती आणि जातीमागे कारकून, कोतवाल आणि किल्लेदार होते.

याच विचाराचं बीज त्यांच्या १९९३ च्या लेखात आहे. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आलेला, प्राचीन भारतातल्या ब्राह्मणी पितृसत्तेवरचा. हे दोन शब्द आता शिवीसारखे फेकले जातात. २०१८ साली ट्विटरच्या प्रमुखांच्या हातात तसा फलक दिसला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. तेव्हा वाद घालणाऱ्यांपैकी, दोन्ही बाजूंच्या, किती जणांनी तो लेख वाचला होता? मला त्या वादाने फार वाईट वाटलं होतं, कारण लेख कुणा एका जातीतल्या माणसांवर केलेला आरोप नाहीच. तो एक यंत्रणा उलगडून दाखवतो. जमीन आणि जात दोन्ही बापाकडून मुलाकडे जायच्या असतील तर मूल कुणाचं याची खात्री लागते. ती खात्री बाईच्या शरीरावर पहारा ठेवल्याशिवाय मिळत नाही. म्हणून जितकी जात वरची तितका पहारा कडक. पहारा तीन थरांचा. पहिला मनातला: पतिव्रतेचा आदर्श. बाई स्वतःच स्वतःची राखण करते आणि त्याबद्दल तिला मान मिळतो. दुसरा, शास्त्राने आणि रीतीने नातेवाइकांच्या हातात दिलेला अधिकार. आणि हे दोन्ही कमी पडले तर तिसरा, राजाचा दंड.

यातला पहिला थर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बायका हे सगळं का चालवून घेत होत्या, किंबहुना पुढच्या पिढीवर का लादत होत्या, याचं उत्तर 'त्या अडाणी होत्या' असं नाही. चांगली बाई असण्याचा मोबदला होता. घरात शब्द, हळदीकुंकवाचा मान, मुलाच्या लग्नात पुढे असणं. आणि तो मान नवऱ्याच्या श्वासावर टांगलेला होता.

वाचलेल्यांनी लिहा. न वाचलेल्यांनीही आपापल्या घरातलं काही असेल तर लिहा.

पाथरवट

फार चांगला धागा. थोडी भर घालतो. पेशवेकालीन राज्यसत्ता आणि जात यांचा संबंध चक्रवर्तींच्या आधी फुकाझावा या जपानी अभ्यासकाने १९६० च्या दशकात मांडला होता. जातीच्या भांडणांत सरकार किती खोलवर शिरत होतं हे त्यांनी छापील दप्तरांतूनच दाखवलं. पुढे व. शं. कदम यांनी अठराव्या शतकातली लग्नसंस्था आणि स्त्रियांची स्थिती यावर लिहिलं. चक्रवर्तींचं वेगळेपण असं की त्यांनी हे धागे एकत्र विणून त्याला जात आणि लिंग यांच्या नात्याचा एक सांगाडा दिला.

माझ्यासारख्या कागदात रमणाऱ्या माणसाला एक गोष्ट फार लागते. या बायका कागदावर येतात त्या बहुतेक वेळा गुन्हेगार म्हणून, नाहीतर फिर्यादी म्हणून. सुखाने नांदलेली बाई दप्तरात सापडत नाही.

कवडसा

टाकबोरू, तुमच्या लिखाणाबद्दल आदर ठेवून लिहितो. पाथरवटांचं शेवटचं वाक्य हीच माझी शंका आहे. भांडणं कागदावर येतात, संसार येत नाही. मग कागदावरून संसाराचं चित्र काढणं कितपत योग्य?

माझ्या वडिलांची आत्या बालविधवा होती. सोवळी. मी लहानपणी तिला पाहिलेलं आहे. विधवांचं लाल आलवण नेसलेली, डोक्यावरून पदर. पण घरात तिचा दरारा असा होता की माझे आजोबा, जे गावात कुणाला भीत नसत, ते तिला विचारल्याशिवाय गडी ठेवत नसत. स्वयंपाकघराची मालकीण ती. आम्ही मुलं तिच्याच मांडीवर वाढलो. तिला आज 'पीडित' म्हटलं तर तिचा अपमान होईल असं मला मनापासून वाटतं. आजच्या मापाने कालच्या माणसांना मोजलं की ती सगळी एकतर जुलमी ठरतात नाहीतर बिचारी.

वाद घालायचा नाही, खरंच विचारतो आहे.

दस्तऐवज

मी वकिली करते, म्हणून कायद्याच्या अंगाने लिहिते. या पुस्तकातला इंग्रजी अमलातल्या कायद्यांचा भाग प्रत्येक वकिलाने वाचावा असा आहे.

१८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा आपण शाळेत सुधारणेचा टप्पा म्हणून शिकलो. त्याचं दुसरं कलम कुणी शिकवलं नाही. पुनर्विवाह करणारीने पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीतला हक्क सोडायचा, असं ते कलम. ज्या जातींत विधवेने लग्न करायचंच नाही, त्यांच्यासाठी हा एक सौदा होता. पण ज्या जातींत पाट लावायची, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न लावायची रीत पूर्वापार होती, त्या बायकांचं काय? त्यांना या कायद्याची गरजच नव्हती. अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने तसंच धरलं: रीत असेल तिथे हा कायदा लागू नाही. मुंबईच्या उच्च न्यायालयाने उलट धरलं. म्हणजे वरच्या जातींच्या विधवांसाठी केलेली सुधारणा आपल्या भागातल्या कुणबी, माळी बाईच्या जमिनीवर उलटली. लूसी कॅरोल यांनी १९८० च्या दशकात यावर बारकाईने लिहिलं आहे.

आणि रखमाबाई. आज सगळ्यांना नाव माहीत आहे, पण खटल्याचा तपशील धूसर असतो. अकराव्या वर्षी लग्न, सासरी कधी नांदलेलीच नाही. १८८४ साली दादाजी भिकाजीने नांदायला येण्यासाठी दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. अपिलात निकाल फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. ती म्हणाली, कैद चालेल. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये देऊन दादाजीशी तडजोड झाली. पुढे ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली आणि सुरत-राजकोटला आयुष्यभर काम केलं.

आता गंमत नव्हे, दुःख बघा. ज्याला 'आमच्या धर्मावर घाला' म्हणून वाचवायला सनातनी मंडळी उभी राहिली, तो 'नांदण्याचा दावा' हिंदू शास्त्रातला नव्हताच. तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आला होता. तिकडे १८८४ सालीच यासाठीची कैद रद्द झाली. इकडे तो आपली परंपरा होऊन बसला. रखमाबाईच्या आईने स्वतः डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं होतं, कारण त्यांच्या सुतार समाजात ते चालत होतं. सुधीर चंद्र यांचं या खटल्यावरचं पुस्तक आणि चक्रवर्तींचं पुस्तक, दोन्ही १९९८ ची. एकापाठोपाठ वाचा.

तो दावा हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आजही आहे. आंध्र उच्च न्यायालयाने १९८३ साली ते कलम घटनाबाह्य ठरवलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी ते कायम केलं. माझ्याकडे पक्षकार येतात, कलम ९ ची नोटीस घेऊन. दर वेळी मला रखमाबाई आठवते.

शेवंता

दस्तऐवज ताई, पाटाच्या मुद्द्याबद्दल खूप आभार. मी तिथूनच बोलणार होते.

माझी पणजी पाटाची. पहिला नवरा प्लेगात गेला, मग पाट लागला. आमच्यात त्याचं कुणाला काही वाटत नाही असं सगळे म्हणत, पण 'लग्नाची' आणि 'पाटाची' हा फरक आज्जीच्या बोलण्यात शेवटपर्यंत यायचा. पाटाच्या बाईला काही विधींत मागेच उभं राहावं लागे. पाट लागायचा तोही रात्री, गाजावाजा न करता. आणि पेशवाईत पाटावर सरकारी पट्टी होती, पाटदाम. म्हणजे बाईने पुन्हा संसार मांडला तरी सरकारला पैसे. चक्रवर्ती हे सगळं 'खालच्या जातीत बाई मोकळी होती' अशा गोड समजुतीत गुंडाळत नाहीत. त्या विचारतात की विधवेला घरी बसवणं कुणाला परवडत होतं? ज्यांच्या घरचं शेत बायकांच्या हातावर चालतं, ज्यांना रोज काम करणारे आणि उद्या काम करणारे हात लागतात, त्या घरात तरुण बाई रिकामी ठेवून चालत नाही. तिचं पुन्हा लग्न लागतं ते तिच्या सुखासाठी लागतंच असं नाही. आणि मग एखादं घर जरा वर आलं, स्वतःला उच्च कुळीचं म्हणवू लागलं, की पहिली गोष्ट काय बंद होते? पाट.

दुसरं सांगायचं ते बाबासाहेबांबद्दल. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातींवरचा निबंध वाचला. वय २५. त्यात त्यांनी सांगितलं की जात म्हणजे मुळात आपल्याच गटात लग्न करण्याचं बंधन. ते टिकवायचं तर गटातल्या बायका-पुरुषांची संख्या जुळती हवी. नवरा मेला की बाई 'अतिरिक्त' होते. तिचं काय करायचं? तिला जाळायचं, नाहीतर सक्तीचं वैधव्य. आणि बायको मेलेल्या पुरुषासाठी लहान मुलगी आणायची, म्हणजे बालविवाह. सती, वैधव्य, बालविवाह हे जातीचे तीन खांब आहेत हे त्यांनी तेव्हा मांडलं. शर्मिला रेगे यांनी २०१३ च्या पुस्तकात ही बाजू पुन्हा नीट पुढे आणली. मला वाटतं, १९९३ च्या लेखाआधी हा निबंध वाचावा. जात आणि बाई यांची गाठ तिथेच सोडवलेली आहे. विद्यापीठांनी तिकडे फार उशिरा बघितलं, याची खंत आहे.

न्हाव्याच्या ओळीवरून आठवलं. १८९० साली मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा घेतली आणि विधवांचे केस कापायचे नाहीत असं ठरवलं. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. तुमच्या वहीच्या वीस वर्षं आधी.

टाकबोरू

शेवंता, ते लोखंड्यांचं मला माहीत होतं, पण माझ्या वहीशेजारी ठेवून मी ते कधी वाचलं नव्हतं.

कवडसा, तुम्ही मनापासून विचारलंत, तसंच उत्तर देते. तुमच्या आत्याआजींना कुणी बिचारी म्हणू नये. चक्रवर्तीही म्हणत नाहीत. रमाबाई, ताराबाई शिंदे, रखमाबाई यांची नावं सगळ्यांना ठाऊक आहेत, पण त्या काळातल्या साध्या विधवांनीही लिहून ठेवलंय. आनंदीबाई कर्वे यांचं 'माझे पुराण' वाचा. आधीची गोदूबाई. आठव्या वर्षी विधवा. सासरी राबली, मग भावाबरोबर मुंबईला आली आणि १८८९ साली रमाबाईंच्या शारदा सदन या शाळेत पहिल्या विद्यार्थिनींत दाखल झाली. तिची बहीण पार्वतीबाई आठवले हीसुद्धा विधवा, तिने 'माझी कहाणी' लिहिली. कर्व्यांच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा करत असतानाही ती कितीतरी वर्षं सोवळीच होती, आणि पुढे एक दिवस तिने केस वाढवायचं ठरवलं. ते पान वाचताना कळतं की दरारा असलेली, कर्तबगार, सगळ्यांना प्रिय असलेली बाईसुद्धा त्या वस्तऱ्याबद्दल मनात काय ठेवून असते.

दरारा होता म्हणून दुःख नव्हतं असं नाही आणि दुःख होतं म्हणून दरारा खोटा नव्हता. मला दोन्ही एकाच बाईत दिसतात. इतिहासकाराचं काम तिला माप लावणं हे नाही, हे मला मान्य. पण तिच्यापुढे कुठली दारं होती आणि ती कुणी बंद केली होती, हे विचारणं तर त्याचं काम आहे ना? तुमच्या आत्याआजींना गडी निवडायचा अधिकार होता. त्यांना घर सोडायचा अधिकार होता का?

अबोली

वाचतेय, सगळेच प्रतिसाद सुरेख. छोटीशी भर. चक्रवर्तींचा आणखी एक लेख आहे, १९८९ च्या 'रीकास्टिंग विमेन' या संग्रहातला, वैदिक दासीचं काय झालं असं विचारणारा. एकोणिसाव्या शतकात आपण गार्गी-मैत्रेयी शोधून काढल्या आणि 'आमच्याकडे पूर्वी बाईला मान होता' असं इंग्रजांना सुनावलं. पण त्याच ग्रंथांत दासीही आहेत, दानात गायी-घोड्यांबरोबर दिलेल्या. त्या कुणालाच आठवल्या नाहीत. सुवर्णयुगाच्या चित्रात फक्त वरच्या घरातली बाई उरली.

कोल्हापूरकडचेच अनंत सदाशिव आळतेकर यांच्या १९३८ च्या ग्रंथावर आमच्या पिढीचं सगळं 'प्राचीन भारतातील स्त्री' बेतलेलं होतं. मी एमएला तेच पाठ करून पास झाले. आळतेकरांनी कष्टाने साधनं गोळा केली, त्याचं मोल आहेच. पण त्यांची 'स्त्री' म्हणजे कोण, हा प्रश्न मला कुणी तेव्हा विचारला असता तर फार बरं झालं असतं.

पाथरवट

कवडसा यांनी जो साधनांचा प्रश्न काढला त्याकडे परत येतो, कारण तो महत्त्वाचा आहे. संसार कागदावर येत नाही हे खरं, पण तो वाकड्या वाटेने येतो. पाटदामाच्या हिशेबात येतो. वारशाच्या तंट्यात, दत्तकपत्रात येतो. १८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती काळ्या पाण्याची झाली. त्यावर वर्तमानपत्रांत बायकांच्या नीतीबद्दल जे काही छापून आलं, ते वाचून बुलढाण्यात ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. कोर्टाच्या एका कागदावरून तो ग्रंथ निघाला. आणि ज्योतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेव्हा विधवेने गुपचूप येऊन बाळंत व्हावं अशा सूचनेचे कागद लावले होते. ते कागद कुणासाठी होते? सुखवस्तू वाड्यांतल्या बायकांसाठी. दरारा असलेल्या घरांसाठीच.

शेवंता

टाकबोरू, एक विचारू? चक्रवर्तींचा १९९५ चा एक लेख आहे, वैधव्य, जात आणि श्रम यांच्यावर. तो वाचल्यापासून कुठलीही जुनी वही बघितली की मी एकच गोष्ट शोधते. तुमच्या वहीत स्वयंपाकिणीचा पगार आहे का? असेल तर कुठपर्यंत?

टाकबोरू

शेवंता, तुमचा प्रश्न परवा रात्री वाचला आणि वही घेऊन बसले. आज लिहिण्याइतकं सावरले आहे.

काकूंचा नवरा गेला कार्तिकात. वहीत दहाव्या-तेराव्याचा खर्च आहे: तीळ, दर्भ, भटजी, गोदानाचे रोख, पंचा. तोवर दर महिन्याच्या अखेरीला एक ओळ आहे जी मी कधी नीट वाचलीच नव्हती: 'स्वयंपाकीणबाईस, रुपये चार'. चैत्रात आहे, आषाढात आहे, आश्विनात आहे. दिवाळीला तिला लुगडंही दिलेलं आहे. मार्गशीर्षात आहे. पौषात आहे.

माघात पहिल्यांदा न्हावी येतो. आणे दोन.

फाल्गुनात स्वयंपाकीणबाईच्या ओळीत चार रुपये नाहीत. एक रुपया दहा आणे आहेत आणि पुढे मोडीत दोन शब्द आहेत, ते मला लागले नाहीत. त्यानंतर ती ओळ नाही. पुढची वहीही माझ्याकडे आहे, शके १८३३ ची. त्यात नाही. त्याच्या पुढच्या वहीतही नाही. न्हावी मात्र प्रत्येक महिन्यात दोनदा आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल, तरी लिहिते. केस ठेवलेल्या विधवेच्या हातचं अन्न सोडा, पाणीसुद्धा देवाला आणि श्राद्धाला चालत नसे. वपन झालं की ती सोवळ्यात शिरू शकते, चुलीपाशी बसू शकते. मी इतके दिवस ती दोन आण्यांची ओळ शिक्षा म्हणून वाचत होते.

तीन वर्षांच्या वह्यांत काकूंच्या नावावर काय आहे तेही मोजलं. वर्षाला दोन आलवणं. एकदा खोकल्याचं औषध. एकदा पंढरपूरला जायचं भाडं, तेही सासूबाईंच्या सोबत म्हणून. आणि न्हावी.

घरात माणसं किती होती हे पंक्तीच्या नोंदीवरून काढता येतं. रोजची चौदा-पंधरा. सणाला वीसच्या वर.

कवडसा, तुम्हाला खोटं पाडायला हे लिहीत नाहीये. माझ्या आजीला काकूंनीच वाढवलं. आजी त्यांच्याबद्दल बोलताना नेहमी म्हणायची, 'काकूंच्या हाताला चव होती.'

फाल्गुनातल्या त्या ओळीचा फोटो जोडते आहे. मोडी वाचणाऱ्या कुणी ते दोन शब्द सांगितले तर उपकार होतील.

कवडसा

वाचलं. तुमच्या आधीच्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. त्यांना घर सोडायचा अधिकार नव्हता. एकदा माहेरी भावाकडे जाऊन राहायचं त्यांच्या मनात होतं, पण जाऊ दिलं नाही, एवढं आईकडून ऐकलंय. का जाऊ दिलं नाही हे मी आजवर विचारलं नव्हतं. या रविवारी आईकडे जातो आहे, विचारतो.

मोडीवाचक

फोटो बघितला. शाई पसरली आहे, पण अक्षर वळणदार आहे, वाचता येतं. पहिला शब्द 'चुकते'. दुसरा 'रजा'. त्या काळच्या वह्यांत ही जोडी नेहमी दिसते. महिना पुरा भरला नाही म्हणून बारा दिवसांचे एक रुपया दहा आणे दिले, हिशेब चुकता केला आणि बाईला रजा दिली.

त्याच पानावर वर डाव्या कोपऱ्यात तिथी आहे, फाल्गुन शुद्ध द्वादशी. तुम्ही माघातली न्हाव्याची पहिली तिथी सांगाल का? आणि शके १८३१ ची वही असेल तर तिचेही फोटो पाठवा, स्वयंपाकीणबाई कधीपासून होत्या ते बघू. त्यांचंही नाव कुठे लिहिलेलं दिसत नाही.